दक्षिणचित्र : उचलून आणलेल्या घरांत तीन दिवस

कऱ्हाडजवळच्या एका खेड्यात आईच्या माहेरचा दुमजली वाडा होता. सहा वर्षांपूर्वी तो पाडला गेला, तेव्हा त्याचे सागवानी खांब, तुळया, माडीच्या फळ्या आणि दिंडी दरवाजा जुन्या लाकडाच्या एका व्यापाऱ्याने ट्रकमध्ये भरून नेला. मामांचा नाइलाज होता. भिंतींना पोट आले होते, वाटण्या झाल्या होत्या आणि सगळे भाऊ नोकरीनिमित्त शहरांत पांगले होते. आई त्या वेळी काही बोलली नाही, परंतु त्यानंतर कधी भाजी निवडताना, कधी दुपारी पडल्या पडल्या ती एकच प्रश्न विचारी, "ते खांब आता कुठे असतील गं?" या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. पाडली जाणारी जुनी घरे विकत घ्यायची, त्यांचा वासान् वासा सुटा करून आणायचा आणि त्याच लाकडाने ती पुन्हा उभी करायची, असे काम चेन्नईजवळच्या एका संग्रहालयाने केले आहे, हे वाचनात आले तेव्हा आईला तिथे न्यायचेच असे मी ठरवले. तिचे वय ७८ आणि गुडघे दुखरे, त्यामुळे एका दिवसात सगळे उरकण्याऐवजी तीन दिवस हाताशी ठेवले.

संग्रहालयाचे नाव दक्षिणचित्र. चेन्नईच्या दक्षिणेला सुमारे २५ किलोमीटरवर, ईस्ट कोस्ट रोडला लागून, मुट्टुकाडू नावाच्या गावी ते आहे. मद्रास क्राफ्ट फाउंडेशन ही संस्था १९८४ साली स्थापन झाली आणि तिने उभारलेले हे संग्रहालय १४ डिसेंबर १९९६ रोजी लोकांसाठी खुले झाले. त्यामागे डेबोरा त्यागराजन या जन्माने अमेरिकन आणि विवाहानंतर मद्रासकर झालेल्या बाईंची चिकाटी आहे. सुमारे १० एकरांच्या आवारात तमिळनाडू, केरळ, कर्नाटक आणि आंध्र-तेलंगण या प्रदेशांतली १८ घरे आहेत. घरेच्या घरे हलवून मोकळ्या आकाशाखाली मांडायची ही पद्धत आर्तुर हाझेलियस यांनी १८९१ साली स्टॉकहोमला स्कान्सेन हे खुले संग्रहालय उभारून रूढ केली. थंड हवेतल्या त्या ओंडक्यांच्या घरांपेक्षा पावसाने, वाळवीने आणि खाऱ्या वाऱ्याने सतत पोखरल्या जाणाऱ्या आपल्या घरांच्या बाबतीत ती अमलात आणणे किती जिकिरीचे असेल, याची कल्पना पुढच्या तीन दिवसांत आली.

पहिला दिवस, बुधवार

संग्रहालय मंगळवारी बंद असते, म्हणून आम्ही बुधवारी पोहोचू असा बेत केला होता. रात्रभराच्या रेल्वे प्रवासानंतर सकाळी चेन्नईला उतरलो आणि मुट्टुकाडूच्या जवळच असलेल्या कोवलम या किनाऱ्यावरच्या गावात सामान टाकले. (केरळातले प्रसिद्ध कोवलम वेगळे, दोघांची नावे सारखी असल्यामुळे आरक्षण करताना लक्ष द्यावे लागते.) जानेवारीचा पहिला आठवडा होता. तमिळ पंचांगाप्रमाणे मार्गळी महिना चालू असल्यामुळे वाटेतल्या वस्त्यांमध्ये दारोदारी तांदळाच्या पिठाचे मोठमोठे कोलम घातलेले होते आणि काही ठिकाणी त्यांच्या मध्यभागी शेणाच्या गोळ्यात भोपळ्याचे पिवळे फूल खोचलेले होते. आपल्याकडे रांगोळीचे ठिपके जोडतात, इथे रेघ ठिपक्यांना वळसा घालत जाते आणि जिथून निघाली तिथे परत येते. आईने गाडी दोनदा थांबवायला लावली.

दुपारनंतर ऊन कलल्यावर आम्ही संग्रहालयात शिरलो. प्रवेशाजवळच्या नव्या इमारती विटांच्या, कमानींच्या आणि जाळीदार भिंतींच्या आहेत. आवाराची मांडणी लॉरी बेकर यांच्या कल्पनेतून आली आणि ती प्रत्यक्षात उतरवण्याचे काम बेनी कुरियाकोस या वास्तुविशारदांनी केले. बेकर मूळचे इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचे. तरुणपणी जहाजाची वाट पाहत मुंबईत थांबलेले असताना त्यांची महात्मा गांधींशी गाठ पडली आणि घर पाच मैलांच्या परिसरात मिळणाऱ्या सामानातूनच बांधावे, हा गांधीजींचा विचार त्यांनी पुढे केरळात आयुष्यभर अंगी बाणवला. इथली जुनी घरे मुळात तशीच, हाताशी असलेल्या दगडामातीची आणि लाकडाची बांधलेली आहेत. आता मात्र ती आपल्या पाच मैलांपासून शेकडो मैल दूर येऊन उभी आहेत. ही विसंगती मला पहिल्याच वळणावर टोचली. आईला मात्र त्याचे काही वाटले नाही. "माणसं नाही का गाव सोडून जात? मग घर गेलं तर काय झालं," असे ती म्हणाली.

तमिळनाडूच्या विभागात सर्वांत आधी लक्ष वेधून घेते ते चेट्टिनाडमधल्या व्यापाऱ्याचे घर. शिवगंगा आणि पुदुकोट्टै या कोरड्या भागातले नगरत्तार चेट्टियार एकोणिसाव्या शतकात ब्रह्मदेश, सिलोन आणि मलायात सावकारी आणि व्यापार करून श्रीमंत झाले आणि ती संपत्ती त्यांनी घरांत ओतली. ब्रह्मदेशी सागवानाचे खांब, चुन्यात अंड्याचा पांढरा बलक घालून घोटलेला आणि आरशासारखा चमकणारा गिलावा, आतंगुडीच्या हाताने घडवलेल्या रंगीत फरशा ही त्या घरांची ओळख आहे. दरवाज्याच्या चौकटीवर कोरीव काम इतके दाट आहे की त्यात मधे मोकळे लाकूड राहू नये याची जणू सुतारांनी शपथ घेतली असावी. दोन्ही बाजूंना तिण्णै म्हणजे आपली ओटी, तिच्यावर पाय दुमडून बसता येईल एवढी रुंद. आत गेल्यावर चौक, चौकाभोवती खांबांची रांग आणि खांबांमागे एकेका विवाहित मुलाच्या कुटुंबासाठी एकेक छोटी खोली. झोप, स्वयंपाक, हिशेब सगळे बाहेर चौकाच्या कडेने, आणि खोली फक्त पेट्या-भांडी आणि खासगी वस्तूंसाठी.

आई एका खांबाशी जाऊन उभी राहिली आणि तिने त्याच्याभोवती हात घालून पाहिला. हात पुरले नाहीत. "आमचे इतके जाड नव्हते, पण खाली दगडी उथळं असंच होतं," ती म्हणाली. तिथल्या मार्गदर्शक बाई चांगले हिंदी बोलत होत्या. घर उतरवण्याआधी त्याची मापे आणि छायाचित्रे घेतली जातात, प्रत्येक लाकडावर क्रमांक घातला जातो आणि शक्य तिथे त्याच भागातले सुतार आणि गवंडी आणून ते पुन्हा उभारले जाते, असे त्यांनी सांगितले. कारण मातीच्या भिंती काही उचलून आणता येत नाहीत. भिंत इथे नव्याने घालावी लागते. प्रवास करते ते लाकूड, दगड आणि कौल, आणि त्यांच्याबरोबर ते कसे बसवायचे हे ज्याच्या हाताला ठाऊक आहे तो कारागीर. त्या बाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली. ब्रह्मदेशातला धंदा बुडाल्यावर चेट्टिनाडमधली कितीतरी घरे वारसांनी उतरवली आणि कारैकुडीच्या जुन्या बाजारात त्यांचे खांब, दरवाजे, एनॅमलची भांडी दुकानोदुकानी विकायला आली. आईने हे ऐकले आणि ती काही वेळ त्याच खांबाच्या उथळ्यावर बसून राहिली.

चेट्टियारांच्या घरापासून थोड्या अंतरावर अग्रहारातली, म्हणजे ब्राह्मण वस्तीतली, घरे आहेत. अग्रहार हा शब्द आपल्याकडच्या ताम्रपटांमुळे आणि शिलालेखांमुळे ओळखीचा आहे, पण तो रस्ता म्हणून कसा दिसतो हे मी प्रथमच पाहिले. एकाला एक लागून, सामाईक भिंतींची, समोरून अरुंद आणि मागे लांबच लांब गेलेली घरे. ओटी, मग दालन, मग प्रकाशासाठी वरून उघडलेला छोटा चौक, मग स्वयंपाकघर, मागे विहीर आणि परसू. प्रत्येक घराची पुढची-मागची सगळी दारे एका रेषेत असल्यामुळे रस्त्यावर उभे राहून मागच्या परसातले केळीचे पान दिसते. वाराही त्याच रेषेने वाहतो, आणि दमट किनारी हवेत हा काही थोडाथोडका आराम नव्हे.

तिथून कुंभाराच्या घरी जायला जेमतेम एक मिनिट लागते, आणि मला थांबून विचार करावासा वाटला तो इथे. ज्या गावांतून ही घरे आली, त्या गावांत अग्रहार आणि कुंभारवाडा यांच्यामधले अंतर पायांनी मोजायचे नव्हतेच. कोणी कुठल्या रस्त्याने जावे, कुठल्या विहिरीचे पाणी भरावे, कोणाच्या ओटीपर्यंत यावे याचे कडक नियम होते. संग्रहालयात हे सगळे एका वाटेवर येते, मुले एका ओटीवरून उडी मारून दुसरीवर जातात, आणि हे फार छान आहे. परंतु मूळ गाव असे नव्हते, हे पाहणाऱ्याने स्वतःबरोबर आणायला हवे. घर उचलून आणता येते, त्याच्याभोवतीचे गाव आणता येत नाही. कुंभाराच्या घराची ठेंगणी झावळ्यांची पाखी, सारवलेली जमीन आणि अंगणातले चाक पाहताना मला व्यापाऱ्याच्या घरात वाटले होते त्यापेक्षा जास्त आदर वाटला. सागवान दीडशे वर्षे टिकते, झावळ्या मात्र वरचेवर बदलाव्या लागतात. म्हणजे हे साधे घर जपायला कोरीव घरापेक्षा अधिक माणसांचे हात लागतात.

संध्याकाळी खोलीवर आल्यावर आईने माझी वही मागून घेतली आणि पेन्सिलीने चौक काढायला सुरुवात केली. तो वाड्याचा नकाशा होता. खांब किती होते, यावर ती अडली.

दुसरा दिवस, गुरुवार

सकाळी उघडल्या उघडल्याच आम्ही केरळच्या विभागात गेलो. कोकण पाहिलेल्या माणसाला केरळची घरे परकी वाटत नाहीत : उतरती कौलारू छपरे, खोल पागोळ्या, फणसाचे लाकूड, आणि मलबारात तर आपलाच जांभा. या दगडाला लॅटराइट हे इंग्रजी नाव फ्रान्सिस बुकॅनन यांनी १८०७ साली मलबारातल्या अंगाडीपुरमचा दगड पाहून दिले. जमिनीत असताना कुदळीने कापता येतो आणि उन्हावाऱ्यात घट्ट होतो, म्हणून लॅटिनमधल्या विटेवरून हे नाव. आपला जांभा शब्द मला अधिक आवडतो, कारण त्यात रंग आहे.

कोट्टयमजवळच्या पुदुपळ्ळीहून आणलेले सीरियन ख्रिस्ती कुटुंबाचे घर साधारण १८५० चे आहे. या घराचा आत्मा म्हणजे अरा, अर्थात धान्याचे कोठार. आपल्याकडे कणगी किंवा बळद घराच्या कोपऱ्यात किंवा जमिनीखाली असते. इथे भाताचे कोठार घराच्या मध्यभागी, जाड फळ्यांच्या भिंतींत, जमिनीपासून उचलून घेतलेले आणि बाकी खोल्या त्याच्याभोवती मांडलेल्या. कुटुंबाची श्रीमंती कशात होती हे वेगळे विचारायला नको. भिंतीसुद्धा लाकडाच्याच, एका फळीची जीभ दुसरीच्या खाचेत अशी बसवलेली की लोखंडी खिळ्याचे काम पडू नये. आणि याच गुणामुळे असे घर हलवता येते. ज्या सुताराने ते जोडले, त्यानेच ते सुटे कसे करायचे याची वाट सांध्यासांध्यात ठेवली आहे. सिमेंटने चिकटवलेले आजचे घर पाडताच येते, उतरवता येत नाही. आईच्या वाड्याचे लाकूडकामही असेच खाचांचे होते. म्हणजे तोही, कोणी मनावर घेतले असते तर, उतरवता आला असता. हा विचार मी आईजवळ बोलून दाखवला नाही.

त्रिवेंद्रमकडचे हिंदू कुटुंबाचे घर आणि कालिकतकडचे घर आम्ही तुलनेने लवकर पाहिले, कारण आईचे लक्ष पुढे लागले होते. कर्नाटकाच्या विभागात इळकलच्या विणकराचे घर आहे, हे मी तिला सकाळीच सांगून बसले होते.

इळकल म्हणजे आपले इरकल. बागलकोट जिल्ह्यातल्या या गावाचे लुगडे मिरज, सोलापूर, कोल्हापूर, कऱ्हाडपासून थेट मराठवाड्यापर्यंत इतके रुळले की ते बाहेरून येते हे कित्येकांच्या ध्यानीही नसते. माझी आजी इरकलीखेरीज दुसरे काही नेसली नाही. घर दगडी आहे, जाड भिंतींचे आणि वर मातीचे सपाट छप्पर घेतलेले. त्याला कन्नडमध्ये काय म्हणतात हे मार्गदर्शक सांगू लागले तोच आई म्हणाली, "हे माळवद आहे." पाऊस कमी आणि ऊन प्रखर अशा पठारावर सोलापूर, विजापूर, बागलकोट हा सगळा एकच मुलूख आहे, त्यामुळे भाषा बदलली तरी छप्पर बदलत नाही. उन्हाळ्यात माळवदावर झोपायचे, धान्य आणि शेवया वाळत घालायच्या आणि पावसाळ्याच्या तोंडी त्यावर पांढऱ्या मातीचा थर द्यायचा, हे आईने मार्गदर्शकांना सांगितले आणि ते मान डोलावत राहिले.

आत खड्ड्याचा माग आहे. विणकर खड्ड्यात पाय सोडून बसतो आणि पायाने पावड्या दाबतो; जमिनीलगत दमटपणा राहत असल्यामुळे सूत कोरडे पडून तुटत नाही. इरकलीचे खरे मर्म तिच्या पदरात आहे. साडीच्या अंगाचा ताणा सुती असतो आणि पदराचा ताणा वेगळा, रेशमी किंवा कृत्रिम रेशमाचा. हे दोन ताणे प्रत्येक साडीगणिक, धाग्याच्या फासात धागा अडकवून, जोडावे लागतात. एकेक धागा असा शेकडो वेळा. हे काम बहुधा घरातल्या बायका करतात, आणि माग चालवणाऱ्याच्या नावामागे ते झाकून जाते. अशा रीतीने पदर स्वतंत्र ताण्याचा असल्यामुळेच त्याचा लाल रंग अंगाच्या रंगात न मिसळता ठसठशीत उठतो आणि त्यावर पांढऱ्या कंगव्यासारख्या, शिखरांसारख्या दातेरी नक्षीच्या ओळी येतात. हाच टोपपदर.

मी ही माहिती पूर्वी वाचली होती, परंतु तो जोड प्रत्यक्ष बोटांनी चाचपल्यावर तिचा अर्थ कळला. आईने तिथे ठेवलेल्या साडीचा पदर उलटा केला, अंग आणि पदर यांच्यामधली फासांची रेघ शोधून काढली आणि तिच्यावरून अंगठा फिरवला. "आईच्या लुगड्याचं इथूनच पहिल्यांदा विरायचं," ती म्हणाली. "मग ती पदर कापून घ्यायची आणि उरलेल्याची वाकळ शिवायची." वस्तूच्या शेजारी लावलेल्या माहितीच्या पाटीवर तिच्या जन्माची हकीकत असते, तिच्या म्हातारपणाची हकीकत अशी पाहायला आलेल्या माणसाकडूनच कळते. संग्रहालयांनी अशा म्हाताऱ्या माणसांना बोलते करून ते लिहून ठेवावे, असे मला फार मनापासून वाटते, कारण आणखी २० वर्षांनी इरकलीचा कोणता भाग आधी विरतो हे सांगणारे कोणी उरणार नाही.

जेवणानंतर आंध्राच्या किनाऱ्यावरचे गोल घर पाहिले. विशाखापट्टणमकडच्या हरिपुरम गावची ही धाटणी. मातीची गोल भिंत आणि तिच्यावर शंकूसारखे शाकारलेले छप्पर, पागोळी इतकी खाली की आत जाताना मला कमरेत वाकावे लागले. बंगालच्या उपसागरातली वादळे ज्या किनाऱ्यावर धडकतात, तिथे गोल भिंतीला वाऱ्याच्या तोंडी येणारा कोपराच नसतो आणि खाली ओढलेल्या छपराखाली वारा सहज शिरू शकत नाही. आत आश्चर्य वाटावे इतका गारवा होता. शेजारीच नलगोंडा भागातल्या इकत विणणाऱ्या कुटुंबाचे घर आहे. विणण्याआधीच सूत बांधून रंगवायचे आणि नक्षी आधी डोक्यात, मग धाग्यावर आणि शेवटी कापडावर आणायची, हे काम पाहताना इरकलीनंतर पुन्हा एकदा वाटले की दक्षिणेतल्या विणकराच्या घरात राहण्याची जागा कमी आणि कामाची जागा जास्त आहे. माणसेच कामाच्या कडेकडेने राहत होती.

दिवस इथेच संपला असता, परंतु संध्याकाळी चामड्याच्या बाहुल्यांचा एक छोटा खेळ पाहायला मिळाला. मागे दिवा, पुढे पांढरा पडदा आणि मधे पारदर्शक होईपर्यंत घासलेल्या, कोरून रंगवलेल्या चामड्याच्या आकृत्या. तमिळनाडूत तोलपावैकूत्तु या नावाने हा खेळ करणारी मंडीकर घराणी घरात मराठीची एक बोली बोलतात, आणि तंजावरच्या मराठा राज्याशी त्यांच्या स्थलांतराचा संबंध जोडला जातो. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांनी तंजावर घेतल्यापासून १८५५ पर्यंत तिथे भोसल्यांचे राज्य होते, तेव्हा हे संभवनीयच आहे. खेळ करणारे गृहस्थ अशाच घराण्यातले निघाले. आईने त्यांना मराठीत नाव-गाव विचारले. त्यांनी दिलेल्या उत्तरातले अर्धे आम्हाला समजले. क्रियापदे ओळखीची, उच्चाराला तमिळ वळण आणि मधूनच आजीच्या तोंडी असलेल्या वळणाचा एखादा जुना शब्द. तेही आमचे बोलणे मोठ्या उत्सुकतेने ऐकत होते. सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या पिंगुळीला ठाकर समाजाचे लोक असाच चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करतात, हे मी त्यांना सांगितले. त्यांनी गावाचे नाव दोनदा विचारून घेतले आणि आपल्या मुलाकडून फोनमध्ये लिहवून ठेवले.

रात्री वहीतल्या नकाशात खांबांची संख्या लिहिली गेली : खालच्या चौकात १२, माडीवर ८. चेट्टियारांच्या चौकाभोवती फिरताना पावलांवरून आठवले, असे आईने सांगितले.

तिसरा दिवस, शुक्रवार

परतीची गाडी रात्रीची होती. सकाळी एक तास पुन्हा संग्रहालयात घालवला. अय्यनारच्या ठाण्यापाशी भाजक्या मातीचे घोडे आहेत. गावाच्या वेशीवर रात्री राखण करणाऱ्या या देवाला नवस फेडताना लोक घोडे वाहतात, आणि ते कुंभारच घडवतो. आपल्याकडच्या वेशीवरच्या म्हसोबाची आणि खंडोबाच्या घोड्याची एकाच वेळी आठवण झाली. त्यानंतर आम्ही महाबलीपुरमची गाडी केली. ते मुट्टुकाडूपासून साधारण २५ किलोमीटरवर आहे.

महाबलीपुरमबद्दल भरपूर लिहिले गेले आहे, तेव्हा किनाऱ्यावरच्या मंदिराविषयी किंवा त्या प्रचंड शिलापटाविषयी इथे सांगत नाही. दोन दिवस घरे पाहून झाल्यावर मला तिथे पाहायचे होते ते पंचरथ. सातव्या शतकात, पल्लवांच्या काळात, एकेका अखंड शिळेतून वरून खाली कोरून काढलेल्या या पाच वास्तू. त्यांना पांडवांची आणि द्रौपदीची नावे लोकांनी नंतर दिली. शाळेच्या सहलीत पाहताना त्या मला मंदिरे वाटल्या होत्या. या वेळी त्या घरे वाटल्या.

भीमाच्या रथाचे लांबट, कमानीसारखे वळलेले छप्पर म्हणजे बांबू वाकवून त्यावर शाकारलेल्या मोठ्या कोठाराचे छप्पर आहे. काम अर्धवट राहिले आहे, खालचे खांब ओबडधोबडच आहेत. सहदेवाच्या रथाची मागची बाजू अर्धगोल आहे, आणि कालच्या गोल घराला आत शिरून आलेल्या माणसाला तो आकार कुठून आला असेल याची अटकळ बांधता येते. सगळ्यांत लहान द्रौपदीचा रथ. तो तर सरळ सरळ झोपडीच आहे : चौकोनी खोली, एक दार आणि वर चारी बाजूंनी फुगून उतरणारे गवताचे छप्पर, ज्याच्या कोपऱ्यांवर पाखी बांधून घ्यावी तशा नक्षीच्या पट्ट्या कोरलेल्या. आत दुर्गा उभी आहे. राजाच्या पदरच्या शिल्पकारांनी देवीला घर द्यायचे म्हणून जे रूप निवडले, ते गावातल्या साध्या माणसाच्या घराचे होते. ते मूळ घर, म्हणजे ज्याच्याकडे पाहून हे कोरले ते कुडाचे आणि गवताचे घर, त्याच पिढीत पावसाने कुजून गेले असेल. ते कसे दिसे, हे १,३०० वर्षांनंतर आज कळते ते या शिळेमुळे.

हे पाहताना कार्ल्याच्या लेण्याची आठवण होणे साहजिकच होते. तिथेही डोंगर कोरून केलेल्या चैत्यगृहाला लाकडी बांधणीचे रूप दिले आहे, आणि दगडाच्या छताला काहीच आधार लागत नसताना सागाच्या खऱ्याखुऱ्या कमानी बसवल्या आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या लाकडापैकी बरेचसे आजही जागेवर आहे. सुतारांचे शहाणपण गवंड्यांनी आणि पाथरवटांनी उसने घेतले, याची ही आपल्या घराजवळची साक्ष. असे असूनही सुताराचे मूळ काम आपण ट्रकमध्ये भरून देतो, आणि आपण म्हणताना मी स्वतःला वगळत नाही. वाडा पाडायचे ठरले तेव्हा एक दिवस रजा काढून, टेप घेऊन, त्याची मापे लिहून ठेवणे मला सहज शक्य होते. मी गेले होते ते फक्त फोटो काढायला, आणि त्या फोटोंमध्ये बहुतेक ठिकाणी घराऐवजी माणसेच आहेत.

आई द्रौपदीच्या रथाभोवती काठी टेकत सावकाश एक फेरी मारून आली. "छप्पर शाकारून वर बांधून घेतलंय ना, तसंच दाखवलंय," ती म्हणाली. "पाऊस आला तर पागोळ्या बरोबर या कोपऱ्यावरून पडतील." मग ती रथांच्या शेजारच्या झाडाखाली जाऊन बसली. उन्हे चढत होती, शाळेची मुले दगडी हत्तीजवळ उभी राहून फोटो काढून घेत होती. मी तिला पाणी दिले. तिने पिशवीतून वही काढली, माडीकडे जाणारी रेघ बराच वेळ निरखली, डोळे मिटून डावा हात हवेत किंचित पुढे केला, जणू काळोखात कठडा चाचपत होती, आणि म्हणाली, "जिना डाव्या हाताला होता. मी उजवीकडे काढलाय. रबर आहे का गं?"